आयोडाइडचा पीक बिघडतो तेव्हा: लॅम्प बदलण्याआधी काय काय तपासायचं

पावसाळ्यात कोकणातल्या कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषतं ते मोजणारं मशीन) पोटॅशियम आयोडाइडचा स्पेक्ट्रम घ्यायला बसलं, की काहीतरी वेडंवाकडं निघतंच. पहिला संशय ड्युटेरियम लॅम्पवर, म्हणजे मशीनच्या यूव्ही दिव्यावर, जातो, कारण लॅम्प बदलला की काम झाल्यासारखं वाटतं. पण तो महाग असतो, आणि बदलूनही आलेख तसाच आला तर पुढे काय करायचं ते कुणालाच सुचत नाही. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून महागड्यापर्यंत लावला आहे. मधली पायरी गाळू नका.

थोडं आधी समजून घ्या. पाण्यातल्या हॅलाइड आयनवर (आयोडाइड, ब्रोमाइड, क्लोराइड) प्रकाश पडला की त्याचा इलेक्ट्रॉन भोवतीच्या पाण्याकडे ढकलला जातो, आणि त्यातूनच शोषणाचा पट्टा मिळतो; आलेखावर त्याचा जो उंच सुळका दिसतो तो पीक. आयोडाइडचा पट्टा २२६ नॅनोमीटरला येतो, दुसरा १९३ च्या आसपास. ब्रोमाइडचा येतो साधारण २०० ला. क्लोराइडचा १८१ च्या जवळ, म्हणजे साध्या मशीनच्या हद्दीबाहेर, कारण १९० च्या खाली हवेतला ऑक्सिजनच प्रकाश खाऊ लागतो. क्लोराइडचा पीक शोधत बसू नका; दिसते ती फक्त त्याची चढण. हे सगळे पट्टे अशा भागात आहेत जिथे लॅम्पचा उजेड कमी, आरसे आधी मंदावतात आणि पाण्यातली घाणही शोषण करते. हॅलाइड मोजताना लॅबमधली प्रत्येक ढिलाई आलेखावर उमटते.

लक्षणं

– पीकचं टोक सपाट, कातरल्यासारखं. द्रावण घट्ट केलं की पीक २२६ वरून उजवीकडे, २३५–२४० कडे सरकतो.
– २३० च्या खाली रेघ थरथरते, बेसलाइन (नमुन्याशिवायची रेघ) वर चढते.
– ३२० च्या खाली भिंत उभी राहिल्यासारखी रेघ सरळ वर जाते.
– २८८ आणि ३५३ ला नको असलेले दोन उंचवटे.
– त्याच वजनाचं द्रावण दोनदा केलं तर दोन वेगळी उत्तरं.
– ३४० च्या आसपास आलेखात पायरी.
– सकाळी सगळं ठीक, दुपारी रेघ वाहत जाते.
– मिठाच्या प्रोजेक्टमध्ये २२६ ला काहीच दिसत नाही.

पहिलं काम: डायल्यूट करा

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. आयोडाइडचं मोलर शोषण (एक मोलार द्रावणाचा एक सेंटिमीटर थर किती शोषेल तो आकडा) २२६ ला १२ ते १४ हजारांच्या घरात आहे, त्यामुळे एक मिलिमोलार द्रावणाची खरी अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती अडला त्याचा आकडा; तो एकने वाढला की पार जाणारा प्रकाश दहापट कमी) १२ च्या वर जाते. ती कुठलंही मशीन मोजू शकत नाही. पाहिजे ती ०.३ ते १.० च्या दरम्यान. त्यासाठी ०.१६६ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड १०० मिलिलिटर फ्लास्कमध्ये घ्या, म्हणजे स्टॉक १० मिलिमोलार झाला. त्यातले ०.६ मिलिलिटर मायक्रोपिपेटने दुसऱ्या १०० मिलिलिटर फ्लास्कमध्ये घेऊन खुणेपर्यंत भरा. ०.०६ मिलिमोलार, म्हणजे लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम, अ‍ॅब्सॉर्बन्स ०.८ च्या जवळ यायला हवी.

टोक सपाट होण्याचं कारण स्ट्रे लाइट. मोनोक्रोमेटरने २२६ चाच प्रकाश पाठवायचा असतो, पण थोडा भलत्याच तरंगलांबीचा प्रकाशही डिटेक्टरपर्यंत पोचतो आणि नमुना त्याला अडवत नाही. हा चोरटा प्रकाश एक टक्का असला तर खरी २.० अ‍ॅब्सॉर्बन्स १.७ दिसते, खरी ३.० असली तर १.९६, आणि पुढे कितीही घट्ट केलं तरी आकडा २ च्या वर जातच नाही. तरंगलांबी जितकी कमी तितका या चोरट्या प्रकाशाचा वाटा मोठा, म्हणून पट्ट्याची डावी बाजू आधी दबते आणि पीक उजवीकडे सरकल्याचा भास होतो. दहापट डायल्यूट केल्यावर पीक २२६ ला परत आला तर मशीन निर्दोष आहे. पुढचं वाचायची गरज नाही.

क्युव्हेट

३२० च्या खाली भिंत दिसली तर क्युव्हेट (द्रावण ठेवायचा छोटा चौकोनी सेल) काचेचा किंवा प्लॅस्टिकचा आहे, हे जवळपास नक्की. साधी ऑप्टिकल काच ३२०–३४० च्या खाली प्रकाश जाऊ देत नाही, पॉलिस्टायरीन ३४० च्या आसपास थांबतं. क्वार्ट्झच हवा. वरच्या कडेला कोरलेलं क्यू अक्षर असतं, काचेच्या सेलवर जी. अक्षर झिजलं असेल तर सेल पाण्याने भरा आणि रिकाम्या जागेच्या, म्हणजे हवेच्या, तुलनेत २४० ला वाचा. चांगला क्वार्ट्झ ०.१ च्या आत राहतो. ब्लँकचा (नमुना न घातलेल्या द्रावणाचा) आणि नमुन्याचा सेल दोन्ही पाण्याने भरून एकमेकांशी ताडा, ०.००५ पर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर एकच सेल दोन्हीसाठी वापरा.

आता कोकणातली खास भानगड. जुलैत हवेचा दवबिंदू २४–२५ अंशांपर्यंत जातो. फ्रिजमधून काढलेलं किंवा एसीच्या खोलीतून आणलेलं द्रावण सेलमध्ये ओतलं की बाहेरच्या काचेवर धुकं धरतं. ते इतकं पातळ असतं की ट्यूबलाइटसमोर तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही, पण पूर्ण स्पेक्ट्रम सारखा वर उचलला जातो, २०० ला तसाच आणि ६०० लाही तसाच. सगळीकडे सारखी वाढ दिसली तर लॅम्पला दोष देण्याआधी सेल लेन्स पेपरने पुसा आणि द्रावण अर्धा तास मशीनशेजारी ठेवा.

धुण्याबद्दल दोन गोष्टी. नायट्रिक अ‍ॅसिडने धुतलेला सेल नीट खळबळला नाही तर उरलेलं नायट्रेट २०० च्या आसपास जोरात शोषण करतं. अ‍ॅसिटोनने वाळवला तर त्याचा अंश २६५–२७० ला उंचवटा देतो. शेवटची तीन खळबळणी पाण्याने, आणि त्यानंतर एक खुद्द नमुन्याने.

पाणी

खाडीकाठच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतं आणि डिस्टिलेशनच्या भांड्यात फेस होऊन थोडं मीठ पलीकडे उडतं. १० मिलिलिटर पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दुधाळ झालं तर क्लोराइड आहे, ते पाणी फेका. पारदर्शक राहिलं म्हणजे अर्धीच परीक्षा झाली. मग क्वार्ट्झ सेलमध्ये हवेच्या तुलनेत १९० ते ४०० स्कॅन करा. रेघ २२० पर्यंत सपाट येऊन पुढे हळूच वर गेली तर चालेल, २०० ते २१० मध्ये फुगली तर नायट्रेट किंवा सेंद्रिय घाण. दुकानात मिळणारं बॅटरीचं पाणी आयनांच्या बाबतीत बरं असतं, पण रेझिनमधून सुटलेले सेंद्रिय पदार्थ त्यात राहतात आणि ते नेमके यूव्हीत दिसतात. या कामासाठी काचेच्या डिस्टिलेशनचं, त्याच दिवशीचं पाणी घ्या. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये आठवडाभर पडलेलं नको.

ब्लँक शून्य केला म्हणून पाण्याची घाण गेली असं होत नाही. घाण जितका प्रकाश खाते तितका डिटेक्टरला कमी मिळतो, आणि थरथर वाढते.

२८८ आणि ३५३ चे उंचवटे

हा आयोडाइडचा दोष नाही, ट्रायआयोडाइड आहे. हवेतल्या ऑक्सिजनने आणि उजेडाने थोडं आयोडाइड आयोडीनमध्ये जातं, आणि ते उरलेल्या आयोडाइडशी जोडी जमवतं. ट्रायआयोडाइडचं मोलर शोषण ३५३ ला सुमारे २६,४०० आणि २८८ ला सुमारे ४०,००० आहे. दोन उंचवट्यांचं प्रमाण दीडपटीजवळ आलं तर शंका नको. ३५३ ला ०.०५ दिसलं म्हणजे अवघं दोन मायक्रोमोलार, द्रावण डोळ्यांना पाण्यासारखं स्वच्छ. बाटलीतल्या पुडीवरच पिवळी झाक असेल तर ती या कामाला बाद. स्टॉक जास्त बिघडला आहे का, हे मशीनशिवाय बघायचं तर त्यात भाताच्या गार पेजेचं वरचं पाणी दोन थेंब टाका. निळसर-जांभळं झालं तर स्टॉक ओता. स्टार्चची वेगळी बाटली लागत नाही, डबा खाणारं कुणीतरी असतंच.

उपाय सोपा आहे. पाणी दहा मिनिटं उकळा, बूच लावून गार करा, द्रावण त्याच दिवशी करा, फ्लास्कला काळा कागद गुंडाळा, अ‍ॅसिडच्या वाफांपासून लांब ठेवा. एक मोह मात्र टाळा. पिवळेपणा घालवायला चिमूटभर थायोसल्फेट टाकलं की ३५३ चा उंचवटा लगेच जातो आणि माणूस खूश होतो; पण थायोसल्फेट स्वतःच २५० च्या खाली भरपूर शोषण करतं. तुमचा २२६ चा आकडा तेव्हापासून तुमचा राहत नाही.

३४० च्या आसपासची पायरी वेगळी. तिथे मशीन ड्युटेरियम लॅम्पवरून हॅलोजन लॅम्पवर जातं. सेटिंगमध्ये ही बदलाची तरंगलांबी सरकवता येत असेल तर ती ३२० ला न्या, म्हणजे ३५३ चा भाग एकाच लॅम्पवर येतो.

वजनातली चूक

मशीनला नाहक बोल लागतो तो इथे. प्रत्येक मिठाची एक आर्द्रता असते, तिच्यावर ते हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. २५ अंशांना सोडियम आयोडाइडची ३८ टक्के, सोडियम ब्रोमाइडची ५८, पोटॅशियम आयोडाइडची ६९, सोडियम क्लोराइडची ७५, पोटॅशियम ब्रोमाइडची ८१, पोटॅशियम क्लोराइडची ८४. रत्नागिरी-मालवणच्या पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस ८५ च्या वर असते, म्हणजे ही यादी सगळीच पाझरणार. घरातली मिठाची बरणी ओली होते तेच इथे होतं, फक्त इथे चार दशांश स्थळांचा तराजू असतो. उघड्या वॉच ग्लासवर पोटॅशियम आयोडाइड ठेवा आणि आकड्याकडे बघत राहा: शेवटचा अंक थांबत नाही, एकेक करत वर चढत जातो. पुडीत पाच टक्के पाणी शिरलं तर द्रावण पाच टक्क्यांनी पातळ, आणि कॅलिब्रेशनची रेघ कितीही सरळ आली तरी उतार चुकीचा.

पूड १०५ अंशाला दोन तास वाळवा, डेसिकेटरमध्ये (हवाबंद कोरड्या भांड्यात) गार करा, झाकणाच्या वजनबाटलीत फरकाने वजन करा: आधी बाटलीसकट, मग पूड ओतून उरलेली बाटली. डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी असेल तरच तो डेसिकेटर. गुलाबी झाली असेल तर नुसता काचेचा डबा. १२० अंशाला तीन-चार तास ठेवली की परत निळी होते. (तो रंगही कोबाल्ट क्लोराइडचाच. कोरडं असताना ६०० च्या पुढे शोषतं म्हणून निळं, पाणी घेतलं की ५१० च्या आसपास म्हणून गुलाबी. विषारी आहे, ओव्हनमधून काढताना धूळ उडवू नका.)

मिठाचं प्रोजेक्ट

बाजारातल्या आयोडीनयुक्त मिठाचं द्रावण करून २२६ चा पीक शोधणारे दरवर्षी भेटतात. आपल्याकडे मिठात आयोडाइड घालत नाहीत, पोटॅशियम आयोडेट घालतात, आणि त्याला २२६ ला पीक नाही. मशीन खरं बोलतंय. आयोडेटचं आधी ट्रायआयोडाइड करा: ५ ग्रॅम मीठ १०० मिलिलिटर फ्लास्कमध्ये विरघळवा, १० टक्के पोटॅशियम आयोडाइड १० मिलिलिटर, २ मोलार सल्फ्युरिक अ‍ॅसिड १ मिलिलिटर, खुणेपर्यंत पाणी, अंधारात दहा मिनिटं. मग ३५३ ला वाचा. एका आयोडेटमागे आयोडीनचे तीन रेणू सुटतात, त्यामुळे १५ पीपीएम आयोडीनच्या मिठाला ०.४५ च्या आसपास आकडा येतो. मीठ सोडून बाकी सगळं घातलेला ब्लँक त्याच मिनिटाला सुरू करा, कारण अ‍ॅसिडमध्ये आयोडाइड हवेनेही पिवळं पडतं. एकाला दहा मिनिटं आणि दुसऱ्याला पंचवीस दिली तर फरक मिठाचा नाही, घड्याळाचा. शिरोड्याच्या किंवा पेण-उरणच्या मिठागरावरून आणलेल्या कच्च्या खडेमिठाला शून्याजवळ आकडा आला तर तो बरोबर आहे. त्यात कुणी आयोडेट मिसळलेलं नाही.

समुद्राचं पाणी थेट सेलमध्ये घालू नका. लिटरला ६५ मिलिग्रॅमच्या आसपास ब्रोमाइड असतं, त्याचीच २०० ला अ‍ॅब्सॉर्बन्स आठच्या घरात जाते, वर क्लोराइडची चढण वेगळी.

तापमान आणि लाइट

हॅलाइडचे पट्टे उष्णतेने लांब तरंगलांबीकडे सरकतात. पीकच्या टोकावर फरक थोडा, उतारावर, समजा २४० ला, बराच. स्टँडर्ड सकाळी २७ अंशाला आणि नमुने दुपारी ३३ अंशाला वाचले तर उतारावरचे आकडे जुळणार नाहीत. दोन्ही एकाच बैठकीत वाचा. मशीन सुरू करून अर्धा तास झाल्याशिवाय बेसलाइन घेऊ नका.

दुपारी रेघ वाहत असेल तर मल्टिमीटरने सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज बघा. तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगवर संशय. जांभ्याच्या कातळात अर्थिंग मुळातच धड धरत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा सुकला की आणखी बिघडतं. खड्ड्यात पाणी घातल्यावर फरक पडला तर कारण सापडलं. पक्की दुरुस्ती इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. स्वस्त इन्व्हर्टरवर हे मशीन चालवू नका, शुद्ध साइन वेव्हचा ऑनलाइन यूपीएस लागतो.

आता मशीनची परीक्षा

इथपर्यंत सगळं तपासून झालं असेल तरच. गंमत म्हणजे परीक्षाही हॅलाइडच घेतात. वाळवलेलं पोटॅशियम क्लोराइड १.२ ग्रॅम, १०० मिलिलिटर पाण्यात, एक सेंटिमीटर क्वार्ट्झ सेल, पाण्याचा ब्लँक. १९८ ला अ‍ॅब्सॉर्बन्स २ च्या वर यायलाच हवी. दुसरी परीक्षा: १ ग्रॅम सोडियम किंवा पोटॅशियम आयोडाइड १०० मिलिलिटरमध्ये, २२० ला. हे द्रावण तिथे पूर्ण काळोख करतं, त्यामुळे जे पोचतं ते सगळं स्ट्रे लाइट. आकडा ३ आला तर चोरटा प्रकाश ०.१ टक्का, २ आला तर एक टक्का.

तरंगलांबी तपासायला ड्युटेरियम लॅम्पच्या स्वतःच्या दोन रेषा पुरतात, ४८६.० आणि ६५६.१. एक नॅनोमीटरच्या आत हव्यात. किरण सेलच्या मधोमध जातो का हेही बघा: तरंगलांबी ५४० ला ठेवा, होल्डरमध्ये पांढऱ्या कागदाची पट्टी उभी करा, लॅबचा लाइट बंद करा. कागदावर हिरवी उभी रेघ दिसेल. ती कडेला लागत असेल तर होल्डर नीट बसलेला नाही.

या परीक्षा नापास झाल्या तर मेनूमध्ये लॅम्पचे तास बघा. ड्युटेरियम लॅम्प साधारण हजार तासांचा धरतात. काही दोन हजार चालतात. तास भरले असतील आणि तुमच्या मशीनचा लॅम्प आधीच जुळवलेल्या सॉकेटचा असेल, तर मॅन्युअल समोर ठेवून बदलता येतो. प्लग भिंतीतून काढा, अर्धा तास गार होऊ द्या, काचेला उघडं बोट लावू नका. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेटलेल्या लॅम्पकडे झाकण उघडं ठेवून बघू नका, डोळे भाजतात आणि ते रात्री कळतं.

इथे थांबा, इंजिनिअरला बोलवा

लॅम्प हाताने जुळवावा लागणारा असेल. नवा लॅम्प घालूनही १९८ चा आकडा २ च्या खाली राहत असेल. मशीन सुरू होतानाच तरंगलांबीच्या तपासणीत अडकत असेल. जळका वास येत असेल, किंवा लॅम्पच्या पॉवर सप्लायमधून तडतड ऐकू येत असेल. तिथे प्राणघातक व्होल्टेज असतं आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतं. आरशावर पांढुरके ठिपके किंवा बुरशीची जाळी दिसत असेल, तर खाऱ्या हवेने अ‍ॅल्युमिनियमचा थर खाल्ला आहे. तो थर केसाहून कितीतरी पातळ. कापसाने, अल्कोहोलने, फुंकरीने, कशानेही साफ करू नका. ग्रेटिंगला (तरंगलांब्या वेगळ्या करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीला) नुसतं बोट लागलं तरी ती कायमची जाते.

इंजिनिअर मुंबई, पुणे किंवा कोल्हापुराहून येणार, आणि एका फेरीचे पैसे लागणार. फोन करण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: लॅम्पचे तास, पाण्याची १९० ते ४०० बेसलाइन, पोटॅशियम क्लोराइडचा १९८ चा आकडा, आणि ड्युटेरियमच्या दोन रेषा कुठे आल्या. आरसा खराब आहे की लॅम्प, हे यातून बरंचसं कळतं आणि तो योग्य पार्ट घेऊन निघतो.

दुरुस्त झाल्यावर नमुन्याच्या कप्प्यात कापडी पिशवीत पाव किलो सिलिका जेल ठेवा आणि मोजायच्या वेळी बाहेर काढा. मशीन गरम असताना प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आतला दमटपणा तिथेच राहतो. गणपतीच्या सुट्टीत लॅब दहा दिवस बंद राहणार असेल तर दर दोन-तीन दिवसांनी कुणीतरी येऊन ते तासभर चालवायला हवं, ड्युटेरियम लॅम्प बंद ठेवून. आतली ऊब पुरते, तास वाया जात नाहीत.